आईचं ताट आधी वाढ

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"ताई नमस्कार. आम्ही हडपसरला राहतो, मूळचे बीडकडचे. आई सकाळी चार घरी धुणंभांडी-फरशी करते, संध्याकाळी दोन घरी पोळ्या. वय ५२, वजन ४७ किलो, जाड अजिबात नाही तरी चार वर्षांपासून शुगर आहे. मागच्या महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट केली ती ९.८ आली. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, तुम्ही ऐकतच नाही, तोंडावर ताबा नाही म्हणे. मग छापील डाएट दिलं, ओट्स, ब्राऊन राईस, बदाम, सफरचंद, पनीर, ऑलिव्ह ऑइल, दर दोन तासांनी थोडं खा, रात्री आठच्या आत जेवा. मी माझ्या पगारातून २०० रुपयांचे ओट्स आणले, तिने दोन दिवस खाल्ले आणि उरलेल्याची साखर घालून खीर करून भाच्याला घातली. माझं डोकं फिरलं, मी नको नको ते बोलले. घरात रेशनचा तांदूळ-गहू, दादाला आणि पप्पांना भात लागतोच. आई सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला जेवते. सोमवार, गुरुवार उपास. सणाला मॅडम लोक उरलेलं गोड देतात ते घेऊन येते. मधे एकदा कामावर जिन्यात तिला दरदरून घाम फुटला, थरथर सुटली, तेव्हापासून सकाळची गोळीच घेत नाही, डॉक्टरांना सांगितलं पण नाही. माझी आजी म्हणते, गरिबाला कुठली आलीय शुगर, हा बसून खाणाऱ्यांचा आजार. ताई, ती ऐकतच नाही, मी तिला कसं समजावू?"

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ओट्सचं बघू नंतर, आधी ती जिन्यातली थरथर.

त्या दिवशी आईची साखर बहुतेक वाढली नव्हती, पडली होती. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यापुढे अंधारी ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत आणि ती जास्त साखरेपेक्षा त्या क्षणाला जास्त धोक्याची असतात, त्यातून बाई जिन्यात, हातात बादली. गोळीच्या पाकिटावर बघ, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं काही नाव आहे का (दोन औषधं मिळून एकच गोळी असेल तर दुसरं नाव बारीक अक्षरात असतं). या गोळ्या पोटात अन्न असो नसो शरीराला इन्सुलिन (रक्तातली साखर खाली आणणारा रस) सोडायला लावतात, म्हणून त्या खाण्यासोबत घ्यायच्या असतात. नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी असेल तर साखर अशी धाडकन सहसा पडत नाही. आता आई सकाळी काय करते ते तूच सांग, पहाटे उठून पाणी भरायचं, दादाचा आणि पप्पांचा डबा करायचा, गोळी पाण्यासोबत गिळायची आणि निघायचं, आणि पोटात पहिला घास कधी, तर कुठल्यातरी घरी अकराला मिळाला तर. मग थरथर नाही होणार तर काय होणार गं. गोळी सोडून देणं बरोबर नाही, पण तिने ती घाबरून सोडली आणि त्या घाबरण्याला कारण होतं, हे आधी मान्य कर. या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात जाऊन हे जसंच्या तसं सांगा, की ही बाई सकाळी सातपासून उपाशीपोटी अंगमेहनत करते आणि पहिलं जेवण अमुक वाजता होतं. डॉक्टर गोळीची वेळ बदलतील, डोस कमी करतील किंवा दुसरी गोळी देतील, पण त्यांना माहीतच नसेल तर ते "ऐकत नाही" एवढंच लिहिणार. तोपर्यंत त्या गोळीचं काय करायचं हेही फोन करून त्यांनाच विचार, मी इथून सांगणार नाही. आणि आजच आईच्या पिशवीत साखरेची पुडी ठेव. परत तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, जमिनीवर बसून राहायचं, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की काहीतरी पोटभर खायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना नाहीतर १०८. एका तरी घरच्या मॅडमना आणि वॉचमनला हे सांगून ठेव.

आता तुझा प्रश्न. "ती ऐकतच नाही" असं तू म्हटलंयस, डॉक्टरही तेच म्हणाले. मला नाही वाटत ती ऐकत नाही. तो छापील कागद परत वाचून बघ, तो कुणासाठी लिहिलाय. दर दोन तासांनी थोडं खायला दुपारी घरी असावं लागतं, नाहीतर टेबलाच्या खणात डबा ठेवता येईल अशी नोकरी लागते. आठच्या आत जेवायचं तर आठच्या आत कुणाच्या पोळ्या लाटत उभं नसावं लागतं. बदाम, पनीर, ऑलिव्ह तेल यांचा हिशेब तर तू केलाच असशील. त्या कागदाने गृहीत धरलंय की पेशंटकडे पैसा आहे, वेळ आहे आणि स्वयंपाकघरात काय शिजेल हे ठरवायचा अधिकार आहे. आईकडे तिन्हीपैकी काय आहे? स्वयंपाक तीच करते पण ठरवतं कोण? भात लागतो दादाला, पप्पांना. ती फक्त शिजवते.

मी हे एवढ्या ठामपणे बोलते कारण मी स्वतः चुकलेय यात. मला २०१४ साली शुगर निघाली. मला पण असाच कागद मिळाला आणि मी तो अगदी काटेकोर पाळला, तीन-चार महिन्यांत आकडा सातच्या खाली आणला आणि मग जो भेटेल त्याला ज्ञान द्यायला लागले. माझ्याकडे स्वयंपाकाला ज्या यायच्या त्यांनाही शुगर होती, त्यांना एकदा मी म्हटलं, अहो तोंडावर थोडा ताबा ठेवला ना की जमतं, माझं बघा. त्या पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचा ताबा मीच तर शिजवते." रागाने नाही म्हणाल्या, खरं ते सांगितलं. माझी वाटीभर कोशिंबीर, दोन भाज्या, सकाळचं मुगाचं धिरडं, सगळं त्यांच्या हातचं होतं, आणि ते करून त्या स्वतः दुपारी तीनला घरी जाऊन भात-आमटी खायच्या. माझा आकडा खाली आला त्यात माझा निश्चय होता, नाही असं नाही, पण त्यात त्यांचे रोजचे दोन तास होते आणि माझ्या नवऱ्याचा पगार होता. त्या दिवसापासून मी कुणाला ताबा ठेवा असं म्हटलं नाही.

आणि आजीला सांग की हा बसून खाणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. २०१७ ला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडिअब नावाच्या मोठ्या अभ्यासाचे १५ राज्यांचे आकडे आले होते, त्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, चंदीगड अशा पुढारलेल्या ठिकाणी शहरांमधे मधुमेहाचं प्रमाण सुखवस्तू लोकांपेक्षा गरिबांमधे जास्त निघालं. याच अभ्यासाचा देशभराचा आकडा २०२३ ला आला, १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह. म्हणजे आई काही वेगळी किंवा विचित्र नाहीये.

वजन ४७ किलो आणि तरी शुगर, याबद्दल एक गोष्ट सांगते, ती तुला आईकडे वेगळ्या नजरेने बघायला लावेल. आई ५२ ची म्हणजे जन्म १९७३ च्या आसपासचा, आणि तुम्ही बीडकडचे. १९७२ चा दुष्काळ. आजीला विचार, आई पोटात होती तेव्हा ती काय खात होती. त्या काळात मराठवाड्यातल्या हजारो गरोदर बायका दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, सुकडी (कामावर वाटायचे ते खाणं) आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन. पुण्यातच केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांमधल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केलाय. त्यांना असं दिसलं की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाला कमी, हातपाय काटकुळे, पण अंगात चरबीचा वाटा त्यामानाने जास्त. अशी माणसं दिसायला बारीक असतात आणि तरी त्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो. पोटात असताना उपासमार झाली तर पुढे मोठेपणी शुगरचा धोका वाढतो हे इतर देशांतल्या दुष्काळांच्या अभ्यासातही दिसलंय. तुझ्या आईच्या बाबतीत नक्की हेच झालं असं मी म्हणू शकत नाही, पण जिच्या आजाराची सुरुवात कदाचित तिच्या जन्माआधीच्या भुकेतून झाली असेल तिला सगळ्या लोकांसमोर "तोंडावर ताबा नाही" म्हणणं, हे मला सहन होत नाही. आणि यातून एक कामाची गोष्ट निघते, आईने कमी खायचं नाहीये. ४७ किलोच्या, दिवसभर राबणाऱ्या बाईला अर्धपोटी ठेवून शुगर खाली आणायची नसते. तिचं वजन गेल्या वर्षभरात उतरलं असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

बदलायचं काय मग? तर ताटातला वाटा.

बघ ना, घरात फुकट काय येतं? रेशन. माणशी पाच किलो, तांदूळ आणि गहू, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. मी रेशनच्या विरोधात बिलकुल नाही, त्याच्यावर कितीतरी घरं उभी आहेत. पण जे फुकट मिळतं तेच साखर वाढवतं आणि जे खा म्हणून डॉक्टर सांगतात, डाळ, कडधान्य, भाजी, अंडी, दूध, ते सगळं बाजारातून रोख पैसे देऊन. २०२२ च्या दिवाळीला सरकारने आनंदाचा शिधा दिला १०० रुपयांत, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. चारातली एक गोष्ट आईच्या कामाची. गरीब माणसाला पोट भरायला सगळ्यात स्वस्त पडतं ते पिठूळ आणि गोड, वडापाव, चहा-बिस्कीट, भात, आणि हे त्याच्या जिभेने ठरवलेलं नाही. तसं म्हटलं तर आपल्या सगळ्यांच्याच जेवणात हे जास्त आहे, २०२५ ला त्याच इंडिअबच्या अभ्यासात आलं की भारतीय माणूस दिवसाच्या उष्मांकातले साधारण ६२ टक्के असल्या पिठूळ पदार्थांतून घेतो, आणि त्यात असंही दिसलं की नुसतं तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणून फारसं भागत नाही, एकूण पिठूळ कमी होऊन त्याजागी डाळी-कडधान्यं-दूध असं काही यायला हवं.

म्हणून ज्वारीबद्दल पण मी जरा जपून बोलते. मराठवाड्याची माणसं तुम्ही, आई ज्वारीच्या भाकरीवर वाढली असणार, आणि आता तीच ज्वारी शहरात गव्हापेक्षा महाग, गरिबाचं धान्य होतं ते आरोग्यवाल्यांचं झालं. गावाकडून कुणी आणून देत असेल, किंवा कधी रेशनवर आली, तर सोडू नका, भाकरी पोळीपेक्षा पोटात टिकते. पण त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही, आणि चार भाकऱ्या आणि पाणीदार आमटी हे जेवण ज्वारीचं असलं तरी साखर वाढवणारच. दोन भाकऱ्या किंवा दोन पोळ्या, किंवा एक पोळी आणि मूठभर भात, आणि उरलेली भूक उसळीने भरायची. भाताची पेज काढून टाकली की चालतो असं काही लोक सांगतात, त्याने फार काही होत नाही, भात किती घेतला त्याने होतं.

तुझ्या त्या २०० रुपयांत साधारण किलोभर हरभरे, अर्धा किलो मटकी आणि पाच-सहा अंडी येतात. हे मी तुला टोचायला नाही सांगत, तू प्रेमाने आणलेस ओट्स, पण पुढच्या वेळी हे आण. हरभरे, मटकी, मसूर, हुलगे, सोयाबीनच्या वड्या, हे रात्री भिजत घातलं की सकाळी लवकर शिजतं, आणि कुकरमधे डाळीसोबतच लावलं तर गॅस पण वेगळा जात नाही. तुम्ही खात असाल तर सुकट, जवळा, सुके बोंबील, हे तर सोनं आहे पण कुठल्याच डाएटच्या कागदावर दिसत नाही, कारण ते कागद लिहिणाऱ्यांच्या घरी ते शिजत नाही. (२०१५ ला राज्यात बैलाचं मांस बंद झालं तेव्हाही कितीतरी घरांतलं स्वस्तातलं प्रथिन गेलं, त्याची चर्चा आहाराच्या अंगाने फार कमी झाली.) भाजी रात्री साडेआठ-नऊला मंडई उठायच्या वेळी घेतली तर निम्म्यात येते, मुळ्याचा आणि बीटाचा पाला तर भाजीवाले असाच टाकतात. शेवग्याचं झाड वस्तीत कुठेतरी असतंच, त्याचा पाला. काकडी-कोबी चिरून मीठ टाकून आधी खायची, मग उसळ, आणि भाकरी-भात सगळ्यात शेवटी, या नुसत्या क्रमाने पण जेवणानंतरची साखर कमी चढते आणि याला एक रुपया लागत नाही.

आता सगळ्यात अवघड. साडेदहाचं जेवण.

आई शेवटी जेवते तेव्हा तिच्या वाटेला काय उरतं ते तू रोज बघतेस. भाजी संपलेली, उसळीचा नुसता रस्सा, आणि भात मात्र भरपूर, कारण भात उरतोच. म्हणजे घरात कडधान्य आणलंस, अंडी आणलीस, तरी ती आईच्या ताटापर्यंत पोचतील याची काही खात्री नाही, अंडं दादाला जाईल, तो कमावता आहे, मटकी पप्पांना आवडते. मी किती घरं बघितलीत, बाप्याला शुगर निघाली की अख्खं घर बदलतं, बायको बिनसाखरेचा चहा करते, सून कारली आणते, पोरांना गोड बंद. बाईला निघाली की तिने एकटीने बदलायचं, ते पण बाकीच्यांचं जसंच्या तसं रांधून. आणि वेगळं स्वतःपुरतं शिजवायचं म्हटलं तर तिलाच लाज वाटते, गॅस जातो, वेळ जातो, कशाला माझ्या एकटीसाठी. ओट्सची खीर भाच्याला का गेली कळलं ना? फक्त आपल्यासाठी म्हणून घरात आलेली वस्तू एकटीने बसून खायची सवयच नाही त्या बाईला, लेकराने बघितलं की हात आपोआप त्याच्याकडे जातो.

म्हणून आईला समजावायचं सोड, काही दिवस तरी. दादाशी आणि पप्पांशी बोल. आई समोर नसताना बोल. त्यांना भाषण देऊ नकोस, रिपोर्ट दाखव आणि सांग की ९.८ म्हणजे डोळे, किडनी, पाय यांना धोका, आणि आईचे पाय गेले तर या घराचं काय होईल ते त्यांनाच विचार. भात बंद करा असं सांगू नकोस, भांडण होईल आणि शेवटी आईच म्हणेल जाऊ दे. एवढंच सांग की घरात रोज एक उसळ किंवा घट्ट डाळ होणार आणि ती सगळे खाणार, आणि आईची वाटी आधी निघणार. बस. स्वयंपाक झाला की कुणाचंही ताट वाढायच्या आधी आईची उसळीची वाटी, भाजीची वाटी, अंडं असेल तर अंडं, काढून झाकून ठेवायचं, आणि हे तू करायचं किंवा दादाने करायचं, आईवर सोडायचं नाही कारण ती काढणार नाही. आणि ती कामावरून नऊला आली की लगेच जेवायचं, सगळ्यांसोबत. वाढायला दादाला हात आहेत. पहिले आठ दिवस तिला घास गिळवणार नाही, ती उठून उठून पोळी वाढायला जाईल, तिला बसव.

सकाळी पण डबे भरताना तिसरा डबा तिचा. एक पोळी-भाकरी आणि मटकी, दहा मिनिटांचं खाणं. पण खायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि बाहेरच्या माणसाला तो कळत नाही. कितीतरी घरी चहा मिळतो पण वेगळ्या कपात, बसायचं तर मोरीजवळ, आणि डबा उघडला तर वेळ जातो म्हणून बोलणं. चारपैकी एक तरी घर असं असेल जिथली बाई माणुसकीची आहे. तिथे तू स्वतः एकदा जा, लाजू नकोस, सांग की आईला शुगर आहे, औषधासोबत खावं लागतं नाहीतर चक्कर येते, तेव्हा नऊ वाजता पंधरा मिनिटं तिला बसून डबा खाऊ द्या. आणि चहा बिनसाखरेचा द्या. चार घरचा चहा दोन-दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे झाले की गं दुपारच्या आत, तो चहाच तिचा नाश्ता होता म्हणून तिने साखर सोडली नाही, पोटात डबा असेल तर तो पण सुटेल.

सणाचं गोड, त्याबद्दल आईशी भांडू नको. ज्या बाईने भूक बघितलीय तिच्याच्याने अन्न टाकवत नाही. ती ते तुमच्यासाठी आणते, आणि दिलेलं नाही म्हणणं तिला उद्धटपणा वाटतो, कामावर परिणाम होईल अशीही भीती असते. एखादा घास तिने खाल्ला तर काही बिघडत नाही, जेवणानंतर खावा, उपाशीपोटी नाही. त्या चांगल्या मॅडमना हेही सांगता येईल की गोडाऐवजी शेंगदाणे द्या, एखादं फळ द्या.

उपास दोन्ही सोडायला सांगितलं तर ती दुखावेल. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ, आणि गोळी घेऊन दिवसभर नुसत्या चहावर राहणं तर परत जिन्यातलीच गत. दोनपैकी एक उपास तरी सोड म्हण, आजारी माणसाला उपासाची सूट असते हे आजीच्या तोंडून येऊ दे, तिचं ऐकेल. दुसऱ्या उपासाच्या दिवशी भगर थोडी, दाण्याची आमटी जास्त, ताक, आणि गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून.

कारल्याचे रस, कुठलीतरी पावडर, एका महिन्यात गोळी बंद, असे मेसेज येतील, दोनदाच जेवा असं पण कुणी सांगेल. आईची अंगमेहनत आणि ती गोळी बघता डॉक्टरांना न विचारता यातलं काही करायचं नाही, पावडरीच्या पैशात महिन्याची अंडी येतात. आणि रोज रात्री तिचे पाय बघ, तळवे, बोटांच्या बेचक्या. दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी उभी असते, मुंग्या येतात का विचार, भेग चिघळली तर लगेच दाखव. डोळे वर्षातून एकदा.

दवाखान्याचं म्हणशील तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत, औंधच्या जिल्हा रुग्णालयात शुगर-बीपीसाठी असंसर्गजन्य आजारांचा वेगळा विभाग असतो. पण हडपसरहून औंध म्हणजे अर्धा दिवस, आणि अर्धा दिवस म्हणजे तीन घरी खाडा, हे मला कळतं. ते जमत नसेल तर निदान गोळ्या जनऔषधी दुकानातून घ्या, बऱ्याच स्वस्त पडतात. खाड्यावरून आठवलं, आईला माहीत आहे का विचार, याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, एक बाई आजारपणामुळे चार दिवस कामावर गेली नाही म्हणून तिला काढून टाकलं त्यावरून ठिणगी पडली आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. २००८ ला राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आजारपणाची भरपगारी सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवरच आहे. तुमच्या भागात संघटनेचं कुणी असेल तर आईची ओळख करून दे, दवाखान्याच्या दिवसाचा पगार न कापणं ही मागणी एकटीने करण्यापेक्षा दहाजणींनी केलेली बरी.

आणि हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या घरी कुणी भांड्याला, पोळ्यांना येतं त्यांना पण इथेच सांगते, तुमच्या बाईंना शुगर आहे का हे विचारलंय का कधी? शिळा शिरा आणि चार दिवसांची मिठाई देण्यापेक्षा ताजी भाजी-पोळी द्या, नाहीतर काहीच देऊ नका पण तिचा डबा खायला खुर्ची द्या. तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नका. सोसायटीच्या लिफ्टने तिला येऊ द्या, साखर पडलेल्या बाईने जिना चढायचा नसतो.

पुढच्या तपासणीला आईसोबत तू जा, एकटीला पाठवू नको. जाताना एका कागदावर तिचा दिवस लिहून ने, कितीला उठते, कितीला काय खाते, कुठे उभी असते, रात्री किती वाजता जेवते, घरात काय येतं आणि काय परवडतं. तो कागद डॉक्टरांच्या हातात दे आणि म्हण, यात बसेल असं डाएट मराठीत लिहून द्या. चांगले डॉक्टर असतील तर लिहून देतील, आहारतज्ज्ञ असेल तर त्यांच्याकडे पाठवतील. परत ओरडले तर उलट न बोलता एवढंच सांग की आईला गोळीने चक्कर येत होती आणि सांगायची तिची हिंमत झाली नाही.

ओट्सवरून जे बोललीस त्याचं मनाला फार लावून घेऊ नको, पण आज तिला जवळ घेऊन सांग की मला कळलं नव्हतं. मटकी आज रात्रीच भिजत घाल. तीन महिन्यांनी परत टेस्ट होईल, ९.८ चा आकडा एकदम सातवर येणार नाही, थोडा जरी खाली आला तरी मला लिही, आणि जिन्यातली थरथर परत झाली का तेही लिही.

तुझी,
ताई